घरातली पहिली बंदूक

कुंभकोणमला शार्ङ्गपाणीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर माझ्या पत्नीच्या मामांचे घर आहे. तंजावरचे मराठी राज्य १८५५ साली खालसा झाले. परंतु त्या राज्याच्या मागोमाग कावेरीकाठी जाऊन राहिलेली मराठी कुटुंबे काही परत फिरली नाहीत. त्यांपैकीच हे एक. बाहेर तमिळ आणि घरात मराठी, अशी ह्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. मामा कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. दोन्ही मुलगे परदेशी. एवढ्या लांबलचक घरात दोघेच म्हातारा-म्हातारी. गेल्या खेपेस मी गेलो, तेव्हा मामांनी मला बाहेरच्या ओसरीवर (तिकडे तिला 'तिण्णै' म्हणतात) बसवून घेतले, कॉफीचा पेला पुढे सरकवला आणि आत ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारले, "जावईबापू, एक रिव्हॉल्वर घ्यावे म्हणतो. कोणते चांगले?"

तीन घरे सोडून पलीकडे मध्यरात्री चोर शिरले होते. परसाकडचे दार त्यांनी पहारीने उचकटले आणि घरातल्या वृद्ध बाईच्या गळ्यातले काढून नेले. तेव्हापासून मामांना झोप नव्हती.

प्रश्न मला नवा नव्हता. सरकारी नोकरीत काही वर्षे शस्त्रपरवान्यांची प्रकरणे माझ्या मेजावरून जात असत. अर्ज घेऊन येणारा गृहस्थ बहुधा हाच प्रश्न करी आणि मोटार कोणती घ्यावी, हे ज्या सुरात विचारतात त्याच सुरात करी. माझे उत्तर दोन वाक्यांत आटोपण्याजोगे नसे. मामांनाही ते दोन संध्याकाळी ऐकावे लागले. तेच आज थोडे व्यवस्थित लावून आपणांपुढे ठेवीत आहे.

शस्त्र बाळगण्याचा प्रश्न आपल्याकडे एके काळी मानापमानाचा होता, हे आज पुष्कळांच्या ध्यानात नसते. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची बंदी केली. गोऱ्यांना मात्र त्यातून मोकळे ठेवले. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले, त्यात हा कायदा सौम्य करावा असा ठराव झाला. त्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष सर टी. माधवराव हे ह्याच कुंभकोणमचे, १८२८ साली जन्मलेले, तंजावरी मराठी गृहस्थ. मामांना ही गोष्ट ठाऊक होती आणि ती सांगताना त्यांचा आवाज चढला. मी एवढेच म्हटले, की वर्णभेद गेला आणि परवाना राहिला. आज चालू आहे तो कायदा १९५९ चा. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे आहेत आणि २०१९ साली त्या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीने एका माणसाने बाळगावयाच्या बंदुकांची मर्यादा तिनावरून दोनांवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली.

आता मौज अशी, की पहिले शस्त्र कोणते घ्यावे ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर खुद्द ह्या कायद्यातच आहे आणि अर्जदारांपैकी फारच थोड्यांनी ते वाचलेले असते. तेराव्या कलमात परवाना देण्याविषयी दोन निरनिराळ्या भाषा वापरल्या आहेत. संरक्षणासाठी किंवा शिकारी खेळासाठी आतून गुळगुळीत असलेली, निदान वीस इंच नळीची बंदूक कोणी मागितली, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर पुढच्या कलमात सांगितलेली एखादी आडकाठी नसल्यास परवाना 'द्यावा' असे कायदा म्हणतो. इतर शस्त्रांच्या बाबतीत मात्र अर्जदारापाशी सबळ कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. रिव्हॉल्वर ह्या दुसऱ्या वर्गात पडते. म्हणजे सामान्य गृहस्थासाठी कायद्याने स्वतःच गुळगुळीत नळीची लांब बंदूक पुढे केली आहे. असे करण्यात कायदा करणारांनी शहाणपणा दाखवला, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगतो.

बंदुकीची नळी दोन प्रकारची असते. एकीत आतून पिळाचे चर पाडलेले असतात. त्यांतून गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते आणि म्हणून लांबवर सरळ जाते. ती रायफल. आपल्याकडे परवान्यावर मिळणारी ३१५ बोअरची रायफल घेतली, तर तिची गोळी एक किलोमीटरच्या पलीकडेही माणसाचा प्राण घेऊ शकते. रानात ह्या गुणाचे मोल असेल; गल्लीत त्याचे काय करावयाचे? रिव्हॉल्वरच्या आखूड नळीतही पीळ असतो. त्याची गोळी रायफलीइतकी जोरकस नसते. पण नळी चार बोटांची असल्यामुळे मनगट केसभर हलले, तरी दहा पावलांवर नेम हातभर चुकतो. रिव्हॉल्वर हे सगळ्यांत सोपे हत्यार आहे, असा समज चित्रपटांनी करून दिला आहे. प्रत्यक्षात नवशिक्यासाठी ते सगळ्यांत अवघड. शिवाय ते उशीखाली मावते. सोय म्हणून सांगितला जाणारा हाच त्याचा मोठा अवगुण. कारण जे उशीखाली मावते ते नातवाच्या हातातही मावते.

दुसरी नळी आतून काचेसारखी गुळगुळीत असते. तीत एकच गोळी न घालता छर्ऱ्यांचे काडतूस घालतात. 'बारा बोअर' हे नाव सर्वांनी ऐकलेले असते, त्याचा अर्थ मात्र फारसा कोणी सांगत नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. म्हणूनच सोळा बोअरची नळी बाराच्या नळीहून अरुंद असते. आकडा वाढला की नळी लहान, हा उफराटा हिशेब मामांना, गणिती असल्यामुळे, भलताच आवडला. बारा बोअरची काडतुसे सर्वत्र मिळतात. पुण्याजवळच्या खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे आणि तेथल्या काडतुसांवरचा 'के. एफ.' हा छाप बंदूक बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. इतर मापांच्या बंदुका हलक्या व सुबक असतात खऱ्या, पण काडतुसासाठी दारोदार हिंडावे लागेल अशी बंदूक नवशिक्याने घेऊ नये.

छर्ऱ्याच्या बंदुकीविषयी एक भ्रम फार पसरलेला आहे. छर्रे पसरतात, म्हणून नेम धरण्याची गरज नाही, असे लोक खुशाल सांगतात. पसरतात हे खरे. परंतु पसरावयास अंतर लागते. खोलीतल्या खोलीत, पाच-सहा पावलांवर, सगळे छर्रे मिळून तळहाताएवढ्याच जागेत बसतात. नेम चुकला म्हणजे सगळेच चुकले. दुसरी गोष्ट छर्ऱ्याच्या जातीची. 'एल. जी.' काडतुसातले छर्रे मोजके असून प्रत्येकाचा व्यास नऊ मिलिमीटरच्या आसपास असतो. ते लाकडी दार आणि पातळ आडभिंत सहज भेदून जातात. चार किंवा सहा नंबरच्या काडतुसातले छर्रे बाजरीच्या दाण्यासारखे बारीक. ते जवळून घातकच आहेत, पण दारापलीकडे गेले तरी त्यांचा जोर लवकर ओसरतो. दाट वस्तीच्या घरात मी बारीक छर्राच सुचवतो. ह्यावर मतभेद आहेत, हेही सांगून ठेवतो; शिकारी लोक माझ्याशी हटकून वाद घालतात.

पण हत्यार निवडण्याआधी घर पाहावे लागते, आणि कुंभकोणमचे घर पाहण्यासारखे असते. शार्ङ्गपाणी सन्निधी रस्त्यावर गणिती रामानुजन यांचे घर २००३ पासून स्मारक म्हणून जपलेले आहे. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांना ही रचना चटकन कळेल. रस्त्याला लागून तिण्णै, मग दार, मग एकामागून एक खोल्या, स्वयंपाकघर आणि शेवटी विहिरीचे परस. रुंदी बेताची, लांबी पुष्कळ. जुन्या आळीत घराला घर चिकटलेले आणि मधली भिंत पुष्कळदा दोघांत एकच. पुढचे दार, मधले दार आणि परसाचे दार अशी एका रेषेत, की पुढे उभे राहिले तर मागचा आड दिसावा. वारा खेळावा म्हणून केलेली ही योजना. पण कल्पना करा, की चोर पुढच्या दाराने शिरला आणि मामांनी स्वयंपाकघरातून बार काढला. चुकलेला बार कोठे जाईल? सरळ रस्त्यावर, समोरच्या घराच्या तिण्णैवर. आणि उन्हाळ्यात तेथे माणसे निजलेली असतात. तेच मामा पुढच्या खोलीत असून चोर परसात असेल, तर बार विहिरीच्या मागच्या भिंतीवर जाईल. म्हणजे ह्या घरात उभे राहण्याची योग्य जागा एकच, दिशा एकच. मामांनी लगेच कागद घेऊन घराचा नकाशा काढला आणि त्यावर रेषा ओढल्या. रिव्हॉल्वरचे नाव त्यानंतर पुन्हा निघाले नाही.

दुसऱ्या दिवशी निराळेच प्रकरण उपस्थित झाले. घराण्यात एक जुनी बंदूक आहे, असे मामांना आठवले. त्यांच्या आजोबांची, विलायती, दुनळी. परवाना एका चुलतभावाच्या नावे, आणि बंदूक परवानाधारक व्यापाऱ्याकडे ठेवलेली. पहिली बंदूक विकत घेण्याऐवजी वारशाने का घेऊ नये? नियमांत ह्याची सोय आहे. परवानाधारक वारला, किंवा त्याने सत्तरी गाठली, किंवा त्याच्यापाशी ते शस्त्र पंचवीस वर्षे राहिले, तर त्याच्या वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण चुलतभाऊ हयात, त्याला मुलगे, तेव्हा मामांचा वारस म्हणून लाग लागेना. तरीही आम्ही ती बंदूक जाऊन पाहिली, आणि पाहिली हे बरे झाले.

नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी सुंदर नक्षी होती. ही नक्षी शोभेसाठी केलेली नसते. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून अशी नळी घडवीत. तंजावरच्या कोटावरची राजगोपाल तोफ नायक राजांच्या काळी लोखंडी पट्ट्या आणि कडी जोडून घडवली, तिचीच ही धाकटी बहीण म्हणावी. अशी नळी काळ्या दारूसाठी केलेली असते. आजच्या बिनधुराच्या दारूचे काडतूस तीत उडवले, तर सांध्यांत आतून धरलेला गंज दगा देतो आणि नळी नेमकी डाव्या हातापाशी फुटते. अशा बंदुकीने भिंत शोभवावी, घराचे रक्षण करू नये.

जुनी बंदूक घेणाऱ्यासाठी तपासणीच्या दोन-चार गोष्टी येथेच सांगतो. नळ्या उतरवून उजेडाकडे धराव्यात. आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले तर ती परत द्यावी. पुढचा लाकडी भाग काढून बंदूक जोडलेल्या स्थितीत कानाशी हलवावी. खुळखुळ ऐकू आली, तर नळी आणि कळ यांचा सांधा झिजला आहे. काडतुसाच्या घराची लांबी विचारावी. जुन्या विलायती बंदुकांत ती पासष्ट मिलिमीटर असते आणि आजची काडतुसे बहुधा सत्तर मिलिमीटरची. लांब काडतूस आखूड घरात शिरते खरे, पण उडताना त्याचे तोंड पुरते उलगडत नाही आणि दाब भलता वाढतो. कावेरीच्या खोऱ्यात आणखी एक शत्रू आहे. आश्विन-कार्तिकात तिकडचा पाऊस सुरू झाला की हवेतल्या ओलीने आठ दिवसांत नळीवर तांबूस बुरा चढतो. महिन्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवण्याचा ज्याला कंटाळा, त्याने बंदुकीच्या फंदात पडू नये.

आता ठेवावयाची कोठे? दुनळी बंदुकीचे तीन भाग होतात: नळ्या, पुढचे लाकूड आणि कळीसह दस्ता. ते सुटे करून कुलपाच्या लोखंडी कपाटात ठेवावेत. काडतुसे दुसऱ्या कुलपात. सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जाबरोबरच द्यावी लागते. शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला आणि वैद्यकीय दाखलाही लागतो. मामांनी गणितज्ञाला शोभेल असा प्रश्न केला, "मग चोर आल्यावर ती जोडावयास वेळ किती?" सवय असलेल्याला कुलूप उघडण्यापासून काडतूस भरेपर्यंत एक मिनिट, अंधारात आणि धास्तीत त्याच्या दुप्पट. "आणि परसाचे दार पहारीने उचकटावयास?" शेजारच्या घराचे दार पाहिले होते, अर्धे मिनिटही लागले नसावे. मामा गप्प बसले. बंदुकीला लागणारा वेळ बंदूक देत नाही, तो दाराने द्यावा लागतो. अर्जदारांना मी नेहमी विचारीत असे, की आपल्या मागच्या दाराला आडणा आहे काय? परसात दिवा आहे काय? पुष्कळांना हा प्रश्न अपमानाचा वाटे. भरलेली बंदूक कोपऱ्यात उभी करून ठेवणे हा वेळ वाचवण्याचा दुसरा मार्ग, आणि मे महिन्यात जेथे नातवंडे उतरणार आहेत त्या घरात तो मार्ग मी कोणालाच सांगणार नाही.

चापावर बोट केव्हा ठेवता येते, हेही घेण्यापूर्वीच समजून घ्यावे. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंडसंहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ ह्या कलमांत आला आहे. तत्त्व तेच. जेवढी इजा करणे आवश्यक तेवढीच करता येते आणि पोलिसांची मदत मिळवण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कोणी घरफोडी करीत असेल, तर प्रसंगी त्याचा प्राण जाईपर्यंत हा हक्क पोहोचतो. पण तो घरात आहे तोवरच. भिंतीवरून उडी टाकून पळणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेला बार हा संरक्षणाचा नव्हे. मग त्याच्या हातात मामींची पाटली का असेना! हे वाक्य मी उच्चारले आणि मामी बाहेर आल्या. त्या बराच वेळ दाराआड उभ्या असाव्यात.

"एवढा खल चालला आहे," त्या मला म्हणाल्या, "पण ह्यांना एक विचारा. रात्री कानातले यंत्र काढून ठेवल्यावर चोराची चाहूल ऐकणार कोण?"

ह्या प्रश्नाकडे आम्हा दोघांचेही लक्ष गेले नव्हते, हे कबूल केले पाहिजे. शस्त्र कोणते, ते ठेवावे कोठे, उभे राहावे कोठे, सगळे ठरले. चालवणार कोण हे आम्ही गृहीत धरले होते. त्या घरात रात्री जागी होणारी व्यक्ती मामी. विहिरीवर कोणी पाऊल टाकले तरी त्यांना कळते. दृष्टी चांगली, हात स्थिर, वय चौसष्ट. मग सारा हिशेब पुन्हा मांडला. स्त्रियांसाठी म्हणून २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' नावाचे बत्तीस बोअरचे, अर्ध्या किलोचे रिव्हॉल्वर काढले होते. मामांनी त्याचे नाव सुचवून पाहिले. पण हलक्या हत्याराचा धक्का हाताला अधिक बसतो, आणि आखूड नळीची सर्व दूषणे त्यालाही लागू आहेतच.

म्हणून बंदूक ठरली ती बारा बोअरचीच, पण मामींच्या मापाची. दस्त्याचे माप शर्टाच्या बाहीसारखे घ्यावयाचे असते. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या घडीत टेकवले, तर चाप तर्जनीच्या पेराशी यावा. बाजारातले दस्ते पुरुषी हाताचे असतात. मामींना व्यापाऱ्याकडची दुनळी दीड इंच लांब झाली आणि तीन किलोंचे वजन दोन मिनिटांत जाणवू लागले. एकनळी त्यांनी उचलली, खांद्याला लावली आणि बराच वेळ स्थिर धरली. दुकानदार म्हणाला, दस्ता कापून देता येईल. खांद्याकडच्या टोकाला रबराची गादी बसवली की धक्काही कमी लागेल. दुसऱ्या बाराची सोय त्यात नाही, हा उणेपणा मी सांगितला. त्यावर मामींनी पहिलाच बार नीट शिकवा म्हणून सांगितले.

अर्ज मामींच्या नावे गेला आहे. पोलीस चौकशी होऊन गेली. शिक्षणाचा दाखला मिळावयाचा आहे, त्यासाठी त्या भाच्याबरोबर जाऊन येतात. परसाच्या दाराला मामांनी लोखंडी आडणा बसवून घेतला, विहिरीवर दिवा लावला आणि आडणा काढून ठेवण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजले. बंदूक अजून घरात यावयाची आहे. मामा म्हणतात, झोप मात्र लागू लागली.